तोच ठिपका कोणता?

कापसाच्या शेताचे वरून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही एकाच ड्रोनने काढलेले, तीनेक सेकंदांच्या अंतराने. शेत तेच, ऊन तेच, फक्त कॅमेरा थोडा पुढे सरकलेला. आता पहिल्या फोटोतल्या एका पऱ्हाटीवर पेन्सिलीने खूण करा आणि तीच पऱ्हाटी दुसऱ्या फोटोत शोधून दाखवा.

बहुतेक जण पहिल्या मिनिटातच बांधाकडे वळतील. बांधावर एखादी बोर असेल, विजेचा खांब असेल, त्यापासून कापसाच्या ओळी, म्हणजे तास, मोजत आत यावे लागेल. मधे एक तास मोजायचा राहून गेला, तर भलत्याच पऱ्हाटीवर बोट ठेवले जाईल आणि चुकल्याचे कळणारही नाही, कारण ती पऱ्हाटीही हुबेहूब तशीच आहे.

दोन फोटोंवरून जमिनीची उंची काढणाऱ्या संगणकापुढचा प्रश्न एवढाच आहे. भूमिती सोपी आहे आणि जुनीही. एका फोटोतला ठिपका दुसऱ्या फोटोत कुठे आहे हे कळले की बाकीचे काम दहावीच्या त्रिकोणांवर भागते. ते कळणे मात्र अवघड आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत अनेक हुशार डोक्यांनी आयुष्याची बरीच वर्षे त्यासाठी दिली आहेत.

हे प्रकरण मी बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या शिवारात मांडतो आहे. त्याला कारण आहे. या विषयावरची पुस्तके उघडली की प्रयोगशाळेतले टेबल, त्यावरचा दिवा, नाहीतर युरोपातले दगडी रस्ते दिसतात, आणि तिथे संगणकाचे बरे चालते. गेवराई तालुक्यात उत्तरेला गोदावरी, नदीकाठाला ऊस, बाकी कापूस-तूर-बाजरी, मधे शेततळी, आणि गावठाणात माळवदे, पत्रे नि स्लॅब यांची सरमिसळ. इथे त्याची खरी परीक्षा होते.

आधी भूमिती. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. तो जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. उडी मोजली आणि दोन डोळ्यांमधले अंतर माहीत असले, की अंगठा किती लांब आहे ते काढता येते. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन वेगळ्या चित्रांतूनच खोलीची जाणीव होते, हे चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली आरसे लावलेल्या एका उपकरणाने दाखवून दिले. तेव्हा छायाचित्रण अजून लोकांपर्यंत पोहोचलेही नव्हते. त्याने हाताने काढलेल्या रेखाकृती वापरल्या.

जमीन मोजणाऱ्यांना हे तत्त्व त्याच्याही आधीपासून ठाऊक होते. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा आखून विल्यम लॅम्बटनने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. दोन ठाण्यांवरून तिसऱ्या ठिकाणाचा कोन घ्यायचा आणि त्रिकोण सोडवायचा. हे काम करतच तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत वर्ध्याजवळच्या हिंगणघाटात वारला. त्याची कबर तिथेच आहे. लॅम्बटनच्या माणसांचे कष्ट अफाट होते, पण एका बाबतीत ते सुखी होते. तिसऱ्या ठिकाणी त्यांचाच माणूस निशाण किंवा दिवा घेऊन उभा असे. दोन्ही ठाण्यांवरून दिसणारी खूण एकच आहे याबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. फोटोत कुणी निशाण घेऊन उभे नसते. तिथे लाखो ठिपके असतात आणि प्रत्येकाची ओळख संगणकालाच पटवावी लागते.

आकडे घेऊन पाहू. समजा ड्रोन चकलांब्यावरून १२० मीटर उंचीवर उडतो आहे, दर २४ मीटरला एक फोटो घेतो आहे, आणि फोटोतला एक पिक्सेल जमिनीवरच्या ४ सेंटिमीटरचा आहे. मग सपाट जमिनीवरचा कोणताही ठिपका एका फोटोपासून पुढच्या फोटोपर्यंत ६०० पिक्सेल सरकलेला दिसेल. २० मीटर उंच टॉवरचा शेंडा कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे ७२० पिक्सेल सरकेल. या १२० पिक्सेलांच्या फरकातच टॉवरची सगळी उंची आहे. शेंड्याऐवजी शेजारचाच ठिपका पकडला तर उंची सुमारे चौदा सेंटिमीटरांनी चुकेल.

शोधायचे कुठे, हा प्रश्न मात्र भूमितीच बराच हलका करते. फोटो दोन कोटी पिक्सेलांचा असेल तर एका ठिपक्याचा जोडीदार म्हणून दोन कोटी उमेदवार उभे राहतात. पण दोन कॅमेऱ्यांच्या जागा आणि जमिनीवरचा तो ठिपका मिळून एक प्रतल ठरते, आणि ते प्रतल दुसऱ्या फोटोला एका सरळ रेषेत छेदते. जोडीदार त्या रेषेवरच असणार, बाहेर कुठेही नाही. गावात वीस मीटरहून उंच काही नाही हेही धरले, तर रेषेवरचे १२० पिक्सेलच तपासायचे उरतात. दोन कोटींवरून १२० वर! कॅमेऱ्यांच्या जागा आधी माहीत नसल्या तरी चालते. आठ खात्रीच्या जोड्या हाती असल्या तर कॅमेऱ्यांच्या परस्पर जागा साध्या समीकरणांनी काढता येतात, हे ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्सने १९८१ मध्ये ‘नेचर’ मध्ये दोन-तीन पानांत सांगितले. तो मुळात रसायनशास्त्रज्ञ होता. हे इथे सांगायची गरज नाही, पण मला ते आवडते.

उरलेल्या १२० उमेदवारांतून एक निवडायचा कसा?

आधी वस्तू ओळखायची, हे झाड, हे घर, आणि मग झाडाची झाडाशी जोडी लावायची, असा एक मार्ग सुचतो. माणूस तसेच करतो असे पुष्कळ काळ मानले जाई. बेला युलेश या हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने १९६० साली ही समजूत मोडली. बेल प्रयोगशाळेत त्याने संगणकाकडून नुसत्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची दोन चित्रे काढून घेतली. ठिपके पूर्णपणे यादृच्छिक, कोणत्याही चित्रात ओळखावे असे काही नाही. फक्त दुसऱ्या चित्रात मधला चौकोन किंचित सरकवलेला. दोन डोळ्यांनी एकेक चित्र पाहिले की तो चौकोन हवेत तरंगताना दिसे. म्हणजे काय पाहतो आहोत हे कळण्याआधीच मेंदू जोड्या लावतो. संगणकाचे काम करणाऱ्यांना यातून मोठा धीर आला, कारण झाड म्हणजे काय हे संगणकाला शिकवणे तेव्हा कुणालाच जमण्यासारखे नव्हते.

एकटा ठिपका मात्र बिनकामाचा. करड्या रंगाचा एक पिक्सेल हजारो ठिकाणी सापडतो. म्हणून त्याच्या भोवतीचा छोटा चौकोन घ्यायचा, ७ बाय ७ किंवा ११ बाय ११ पिक्सेलांचा, आणि तो रेषेवरून सरकवत कुठे सर्वांत चांगला जुळतो ते बघायचे. लग्नाच्या मांडवाबाहेरच्या ढिगात आपण आपली चप्पल अशीच शोधतो. चपला सगळ्या सारख्याच, पण आपली त्या लाल सँडलच्या आणि तुटक्या बुटाच्या मधे होती हे लक्षात असते. चौकोन किती मोठा घ्यायचा यात मात्र कायमची ओढाताण आहे. लहान घेतला तर ओळख पटत नाही. मोठा घेतला तर घराच्या कडेवर त्याचा अर्धा भाग छपरावर आणि अर्धा अंगणात पडतो, आणि छपराची कड वितळल्यासारखी गोल होते. स्वस्त सॉफ्टवेअरने केलेल्या गावाच्या त्रिमितीय चित्रांत घरे साबणाच्या वापरलेल्या वड्यांसारखी दिसतात, ती यामुळेच.

दुसरा विचार असा की प्रत्येक ठिपक्याची जोडी लावायचा अट्टहास कशाला? ज्यांची ओळख पटण्यासारखी आहे तेच आधी निवडावेत. हान्स मोरावेकने १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये कॅमेरा लावलेली एक गाडी चालवली. ती प्रत्येक फोटोत फक्त ‘कोपरे’ निवडत असे, म्हणजे असे ठिपके की चौकोन कोणत्याही दिशेला जरा सरकवला तरी चित्र बदलावे. भिंतीच्या मधल्या भागाला हा गुण नाही आणि सरळ कडेलाही नाही, कारण कडेच्या दिशेने सरकले तर काहीच बदलत नाही. कोपऱ्याला तो आहे. १९७९ साली या गाडीने खुर्च्यांनी भरलेली खोली कुणाच्या मदतीशिवाय पार केली. लागले सुमारे पाच तास. एक मीटर पुढे जायचे आणि दहा-पंधरा मिनिटे विचार करायचा.

आज ड्रोनचे फोटो जोडणारी बहुतेक सॉफ्टवेअरे ज्या पद्धतीच्या खांद्यावर उभी आहेत, ती कॅनडातल्या डेव्हिड लोवने १९९९ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये पूर्ण रूपात आणली. तिचे नाव सिफ्ट. निवडलेल्या प्रत्येक ठिपक्याभोवती उजेड-सावली कोणत्या दिशेने बदलते ते मोजून १२८ आकड्यांची एक ओळखपट्टी तयार करायची. फोटो फिरवला, लहान-मोठा केला, ऊन थोडे बदलले, तरी ही पट्टी फारशी बदलत नाही.

पण लोवची मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट ही ओळखपट्टी नव्हे. तिच्यापुढची एक चाळणी आहे. सर्वांत जवळचा जोडीदार सापडला की तो लगेच स्वीकारायचा नाही, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार किती जवळ आहे तेही पाहायचे. पहिल्याचे अंतर दुसऱ्याच्या अंतराच्या ०.८ पटीहून कमी असेल तरच जोडी मान्य, नाहीतर दोघेही बाद. कापसाच्या शेतात हा नियम लावला की जवळजवळ सगळे ठिपके बाद होतात, कारण पहिल्या पऱ्हाटीइतकीच दुसरी आणि तिसरीही जुळते. बांधावरची बोर, विहिरीचा काठ, ट्रॅक्टरच्या चाकोरीचा वळसा एवढेच उरतात. सुरुवातीला आपणही बांधाकडेच वळलो होतो.

त्यातही काही जोड्या खोट्या निघतातच. त्यांच्यासाठी फिशलर आणि बोल्स यांनी १९८१ मध्ये सुचवलेली युक्ती अजून वापरात आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही जोड्या उचलायच्या, त्यांच्यावरून कॅमेऱ्यांच्या जागा काढायच्या आणि बाकीच्या किती जोड्या त्याला होकार देतात ते मोजायचे. असे शेकडो वेळा करायचे आणि ज्याला सर्वाधिक होकार मिळाले तो निकाल ठेवायचा. खोट्या जोड्यांचे आपसात सहसा एकमत होत नाही. त्यावर ही पद्धत चालते.

निवडक ठिपक्यांनी कॅमेऱ्यांच्या जागा पक्क्या होतात, पण नकाशाला प्रत्येक जागेची उंची हवी असते. म्हणून पुढच्या फेरीत पुन्हा सगळ्या पिक्सेलांकडे यावे लागते. इथे जर्मन अंतराळ संस्थेतल्या हाइको हिर्शम्युलरने २००५ मध्ये मांडलेली पद्धत फार चालली. तिचा मुद्दा असा की जमीन सहसा हळूहळू बदलते. म्हणून शेजाऱ्यांच्या उंचीत एका पायरीचा फरक असला तर थोडा दंड, मोठी उडी असली तर जास्त दंड, पण दंड भरून उडी मारायची मुभा आहे, नाहीतर भिंती उभ्याच राहिल्या नसत्या. हा हिशेब प्रत्येक पिक्सेलवर आठ किंवा सोळा दिशांनी येऊन पोहोचतो आणि सर्वांत स्वस्त पडणारी उंची निवडली जाते. साबणाच्या वड्यांना यामुळे बऱ्यापैकी कोपरे आले.

आता चकलांब्याच्या शिवारात याचे काय होते ते बघू.

कापसाचे तास एकमेकांपासून १२० सेंटिमीटरवर आणि ड्रोनच्या दिशेला आडवे असतील, तर शोधरेषेवर दर ३० पिक्सेलला तोच तास पुन्हा भेटतो. एक तास चुकला की शेत सुमारे ६ मीटर वर उचलले जाते किंवा तेवढेच खाली बसते. तास उड्डाणाच्या दिशेने असतील तर दुखणे वेगळे. चौकोन तासावरून पुढेमागे घसरत राहतो, आणि फक्त झाडांमधल्या मोकळ्या जागांच्या आधाराने काय ते ठरते. त्यात वारा असला तर झाडेच दोन फोटोंमधे हललेली असतात. पेरणीआधीच्या, नांगरून ढेकळे पडलेल्या काळ्या रानात मात्र संगणक खूष असतो. दोन ढेकळे कधी सारखी नसतात. उंचीचे सर्वेक्षण उन्हाळ्यात करावे असे जाणकार सांगतात त्याची ही बाजू सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

शेततळ्यात काळा प्लास्टिक कागद, त्यावर पाणी. कागदाला खुणा नाहीत आणि पाण्यात दिसते ते आभाळ, जे कॅमेऱ्याबरोबर चालत राहते. गोदावरीच्या पात्राचेही तेच. नव्या पत्र्यावरून ऊन परावर्तित होते आणि चकाकी प्रत्येक फोटोत वेगळ्या पत्र्यावर असते. गावठाणातले बोळ इतके अरुंद की त्यांचा तळ एका फोटोत दिसतो आणि दुसऱ्यात भिंतीआड जातो. तिथे जोडीदार नाहीच, शोधून काय सापडणार? हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे उलटतपासणी. डाव्या फोटोतल्या ठिपक्याने उजव्यातला निवडला, तर उजव्यातल्यानेही उलट तोच निवडला पाहिजे. नाही निवडला तर दोघांनाही रजा.

सगळ्यांत गमतीची बैलगाडी. तीन सेकंदांत ती तीन मीटर सरकते असे धरू. ड्रोनच्याच दिशेने चालली असेल तर ती कॅमेऱ्याबरोबर सरकल्यामुळे फोटोत तिची उडी लहान पडते, म्हणजे ती लांब असल्यासारखी दिसते. हिशेब केला तर जमिनीखाली सुमारे १७ मीटर. उलट दिशेने येत असेल तर तीच गाडी १३ मीटर हवेत. संगणकाने यात एकही जोडी चुकीची लावलेली नाही, बैलही तेच आणि गाडीही तीच. चूक ‘काही हलत नाही’ या गृहीतकाची आहे. तीच जागा दिसणारे पाच-सहा फोटो असले तर अशी भुते पकडता येतात. म्हणून ड्रोनवाले शेजारच्या फोटोंत ८० टक्के भाग सामाईक ठेवतात.

मग जिथे जोडी लागली नाही तिथे काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. तिथे भोक ठेवावे. पण गिऱ्हाइकाला भोके असलेला नकाशा आवडत नाही, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअरे आजूबाजूच्या उंच्यांवरून ती गुपचूप बुजवतात आणि शेततळ्याच्या जागी छान गुळगुळीत उतार तयार होतो. गेल्या दशकात आलेल्या न्यूरल नेटवर्कांनी हा मोह वाढवला आहे. ती काम उत्तम करतात, पण त्यातली अनेक जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात मोटारीवरून टिपलेल्या रस्त्यांवर तालीम झालेली आहेत. कार्ल्सरूहच्या रस्त्यांवर वाढलेल्याने गेवराईच्या पऱ्हाटीबद्दल आत्मविश्वासाने बोलावे, हे जरा जपूनच घ्यायला हवे.

उंचीवरून पाहिले की हाच प्रश्न वेगळ्या मापात भेटतो. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे पाहणारा आणि दुसरा ५ अंश मागे. ६१८ किलोमीटर उंचीवरून पुढच्या कॅमेऱ्याने टिपलेली जमीन सुमारे ५२ सेकंदांनी मागच्याला दिसे. तेवढ्या वेळात धुळे–सोलापूर महामार्गावरची बस पाऊण-एक किलोमीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे गाड्यांची जोडी लागण्याचा प्रश्नच नाही. या जोडचित्रांवरून देशाचा उंचीचा नकाशा झाला, दर ३० मीटरला एक उंची, आणि चकलांब्याचे शिवारही त्यात आहे. पिक्सेल २.५ मीटरचा. दोन कॅमेऱ्यांच्या कोनांमुळे जुळवणीत एका पिक्सेलची चूक म्हणजे उंचीत ४ मीटरची चूक. एकमजली घर पाऊण पिक्सेलसुद्धा सरकत नाही. पूर्ण नकाशाची उंचीची अचूकता ८ मीटरच्या आसपास धरली जाते.

डोंगराळ भागाला हे भरपूर आहे. गेवराईसारख्या गोदावरीकडे मंद उतरत जाणाऱ्या मुलखाला नाही. पैठणचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. अशा मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे फार तर वीतभर उतार असतो, आणि तो लेव्हल यंत्र नि पट्टी घेऊन चालत चालत काढावा लागतो. पाणलोटाच्या कामांत बांधाची जागा उपग्रहाच्या उंचीवरून ठरवलेली पाहिली की मला धास्ती वाटते. नाल्यांचे जाळे आणि पाणलोटाची हद्द समजायला तो नकाशा चांगला, पण कंबरेएवढा बांध कुठे घालायचा हे त्याला विचारू नये. तिथे ड्रोन हवा, जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा हव्यात, आणि पीक निघालेले हवे.

गावठाणात हे तंत्र आता सरकारी दप्तरात शिरले आहे. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने तो पुढे देशभर नेला. उड्डाणे भारतीय सर्वेक्षण विभागाची, हद्दी आणि मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खात्याच्या, नकाशा १:५०० प्रमाणात. ड्रोन येण्याआधी घरोघरच्या हद्दी चुन्याने आखून घेतात. पांढरी ठळक रेघ, तिला कोपरे, म्हणजे संगणकाला हवी तशी खूण. लॅम्बटनच्या माणसाने धरलेले निशाण दोनशे वर्षांनी चुन्याच्या रूपाने परत आले म्हणायचे.

तरीही एक अडचण जुळवणी कितीही चोख झाली तरी सुटत नाही. वरून भिंत दिसत नाही, छप्पर दिसते. पत्र्याची वळचण भिंतीबाहेर हात-दीड हात आलेली असते, माळवदाची कमी, स्लॅबच्या सज्जाची त्याहून जास्त. दोन शेजाऱ्यांच्या वळचणी बोळावर एकमेकींना टेकलेल्या असल्या तर फोटोत बोळच उरत नाही, आणि नेमक्या त्याच बोळावरून दोन घरांत वाद असतो. तेव्हा छापलेला कच्चा नकाशा घेऊन भूकरमापक गावात येतो, ग्रामसेवक आणि दोन्ही घरची माणसे उभी राहतात, आणि वळचणीखाली वाकून टेपने भिंत ते भिंत अंतर घेतले जाते.